चिठ्ठीत निघालेलं घर

सहल म्हटलं की आपल्या बायकांच्या डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र येतं. पहाटेची बस, डब्यातल्या दशम्या नि तिखटमिठाच्या पुऱ्या, गाण्याच्या भेंड्या, पाच दिवसांत अकरा ठिकाणं, प्रत्येक देवळापुढे एक ग्रुप फोटो आणि शेवटच्या दिवशी साड्यांच्या दुकानात तीन तास! परत आल्यावर कुणी विचारलं, ‘‘तिकडची माणसं कशी आहेत गं?’’ तर आठवतो तो हॉटेलातला वेटर आणि जास्त पैसे मागणारा रिक्षावाला. अशा सहलींना मी नावं ठेवणार नाही. वर्षभर चुलीपुढून न हललेल्या बाईला चार दिवस हातात आयता चहा मिळतो, हेही थोडं नाही. पण गेली काही वर्षं आमच्या गावातल्या वीस-बावीस जणी जरा निराळ्या तऱ्हेनं फिरतात. आज त्याबद्दल तुम्हाला सांगायचं आहे.

आमचं गाव खानदेशातलं, तालुक्याचं. बाजार समिती, दोन कॉलेजं, एक एसटी स्टँड आणि बाकी केळी-कापूस. २०१४ मध्ये आम्ही बायकांनी एक फिरस्ती मंडळ काढलं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत महिन्यातून एकदा जमायचं, प्रत्येकीनं दरमहा ३०० रुपये भरायचे. सभासदांत गृहिणी आहेत, शिक्षिका आहेत, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या मावशी आहेत, एक अंगणवाडी सेविका, एक शिवणकाम करणाऱ्या वहिनी आणि उर्दू शाळेत शिकवणाऱ्या आपा आहेत. अध्यक्ष एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळं गावच ‘बाई’ म्हणतं, म्हणून आम्हीही बाईच म्हणतो. हिशेबाची वही आणि पत्रव्यवहार माझ्याकडे.

मंडळाचा नियम साधा. ज्या गावाला जायचं तिथे लॉजमध्ये उतरायचं नाही. तिथल्या कुटुंबांत दोघी-दोघींनी राहायचं, ते खातील ते खायचं. आणि पुढच्या वर्षी त्यांनी आपल्याकडे यायचं. पैशांची देवघेव नाही. तुमच्या घरी मी चार दिवस, माझ्या घरी तुम्ही चार दिवस, इतकाच हिशेब.

ही कल्पना काही आमच्या डोक्यातून निघालेली नाही. दुसऱ्या महायुद्धात होरपळलेल्या युरोपात, डेन्मार्कमध्ये, काही तरुणांनी १९४९ मध्ये एक चळवळ सुरू केली. पुढे ती ‘सर्व्हास’ या नावानं जगभर गेली. परक्या देशातल्या माणसाच्या घरी दोन रात्री राहा, त्याच्याशी बोला. ज्यांच्या घरी जेवलो त्यांच्याशी लढावंसं वाटणार नाही, असा त्यामागचा विचार. १९७७ मध्ये अमेरिकेत वेन स्मिथ नावाच्या एका धर्मोपदेशकानं राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या पाठिंब्यानं ‘फ्रेंडशिप फोर्स’ सुरू केली. पहिल्याच वर्षी अटलांटा शहरातली माणसं इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या घरांत, आणि न्यूकॅसलची माणसं अटलांटाच्या घरांत राहून आली. त्यांचे क्लब आजही गावोगावी आहेत आणि क्लबातली साधी माणसंच एकमेकांकडे जातात.

पण आम्हा खानदेशातल्या बायकांना त्यासाठी इतक्या लांब पाहायची गरज नव्हती. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी १९४९ मध्येच पुण्याच्या साहित्य संमेलनात ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली होती. एका प्रांतातल्या लोकांनी दुसऱ्या प्रांतात जावं, तिथली भाषा शिकावी, तिथलं साहित्य आपल्या भाषेत आणावं, ही त्यांची तळमळ. स्वतः गुरुजींनी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात असताना तमीळ शिकायला घेतलं आणि पुढे ‘तिरुक्कुरळ’ मराठीत आणला. त्यांच्या नंतर आंतरभारतीच्या कार्यकर्त्यांनी हा विचार जिवंत ठेवला. डॉ. एस. एन. सुब्बराव (२०२१ मध्ये ते गेले) देशभरातल्या मुलांची शिबिरं घ्यायचे, त्यांत बाहेरून आलेली मुलं गावातल्या कुटुंबांत राहायची, तीही शक्यतो वेगळ्या भाषेच्या, वेगळ्या धर्माच्या. आमच्या एका सभासदाच्या मुलानं लहानपणी असं शिबिर केलं होतं. तो परत आला तो नव्या भावाचं नाव घेतच. त्यावरूनच मंडळाची कल्पना निघाली.

पहिली दोन वर्षं आम्ही जवळपासच फिरलो. मग तंजावरचा धागा जुळला. आमच्यातल्या एकीची बहीण नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे तिथे तीन वर्षं राहिली होती. तिच्या ओळखीतून तिथल्या बायकांचा एक गट तयार झाला. काही तमीळ, काही पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेल्या मराठी घरांतल्या. ठरलं असं, की आधी त्यांनी जानेवारी २०१७ मध्ये, पोंगल झाल्यावर, आमच्याकडे यायचं. चौदा जणी. म्हणजे सात घरं हवीत.

आणि मैत्रिणींनो, खरी गोष्ट इथून सुरू होते. कारण गाडीची तिकिटं काढणं सोपं असतं, पण ‘पाहुण्या कुणाच्या घरी?’ हा प्रश्न निघाला की गाव काय आहे ते कळतं.

बैठकीत नऊ जणींनी हात वर केले. त्यात भीमनगरात राहणाऱ्या आमच्या अंगणवाडीच्या ताई होत्या आणि मोमीनपुऱ्यातल्या आपाही होत्या. त्या वेळी कुणी काहीच बोललं नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र माझा फोन वाजायला लागला. ‘‘अगं, मी काही तसलं मानत नाही हं, पण पाहुण्या शाकाहारी असणार. आपांकडे त्यांची पंचाईत होईल.’’ ‘‘भीमनगरची गल्ली किती अरुंद! त्यांची मोठी बॅग तरी जाईल का?’’ ‘‘ताईंची नोकरी आहे, त्यांच्यावर उगीच भार कशाला?’’ सगळ्यांचे सूर मायेचे होते. जात, धर्म असे शब्द एकीनंही उच्चारले नाहीत. समाजकार्य करताना मी हे पुष्कळ ऐकलं आहे. आपल्याकडे नकार द्यायचा असला की समोरच्याच्या सोयीचं कारण पुढे केलं जातं.

पुढच्या बैठकीत बाईंनी हा विषय स्वतःच काढला. त्या म्हणाल्या, ‘‘पाहुण्यांची काळजी आहे ना? मग पाहुण्यांनाच विचारू.’’ आणि सगळ्यांसमोर स्पीकरवर तंजावरला फोन लावला. तिकडच्या गटप्रमुख बाई इंग्रजी-हिंदी मिसळून बोलायच्या. बाईंनी आमच्या नऊ घरांची माहिती दिली. कुठल्या घरात काय शिजतं, कुणाचा धर्म कोणता, गल्ली कशी आहे, सगळं. तिकडून उत्तर आलं, ‘‘तुम्ही ठेवाल तिथे राहू. अट एकच. आमच्यातल्या एकीचे दोन्ही गुडघे गेलेत. तिला कमोड असलेलं घर हवं.’’

बैठकीत हशा पिकला. मग विचारणा सुरू झाली. मोठमोठे बंगले होते, मार्बलच्या फरशा होत्या, पण आमच्या गावात त्या वेळी बहुतेकींकडे भारतीय पद्धतीचेच संडास. कमोड निघाला कुणाकडे? अंगणवाडीच्या ताईंकडे! त्यांच्या सासूबाईंचं मांडीचं हाड मोडलं तेव्हा त्यांनी कर्ज काढून बसवून घेतला होता. गुडघेवाल्या अम्मांचं घर तिथेच ठरलं. उरलेल्या आठ घरांच्या चिठ्ठ्या बाईंनी शाळेतल्या खडूच्या डब्यात टाकल्या आणि सहा काढल्या. तिसरी चिठ्ठी आपांची निघाली.

पाहुण्या आल्या. पहिल्याच संध्याकाळी भाषेची गंमत झाली. पोळीभाजीवाल्या मावशींकडे उतरलेल्या एक अम्मा शेजारणींना दारात पाहून हसून ‘‘वांगा, वांगा’’ म्हणायच्या. तमीळमध्ये ‘वांगा’ म्हणजे ‘या’. मावशींना वाटलं, यांना आपल्या भरताची कीर्ती कळलेली दिसते! रात्री त्यांनी काट्या पेटवून हिरव्या वांग्यांचं भरीत केलं, वर कळण्याची भाकरी. अम्मांनी डोळ्यांतून पाणी काढत सगळं खाल्लं आणि दुसरा शब्द शिकवला, ‘‘पोदुम.’’ म्हणजे पुरे. चार दिवसांत हे दोन शब्द गावभर झाले. त्या मात्र जाताना अहिराणीतलं ‘‘या, बठा’’ घेऊन गेल्या.

शाकाहाराची पंचाईत झालीच, पण वेगळ्याच ठिकाणी. चौदा जणींत चार जणी मासे-मटण खाणाऱ्या निघाल्या. त्यांतल्या दोघी नेमक्या आमच्या सगळ्यात सोवळ्या घरी उतरल्या होत्या. चार दिवस त्यांनी ब्र काढला नाही, वरणभात-तूप आवडीनं खाल्लं. हे आम्हाला पुढच्या वर्षी तंजावरला गेल्यावर कळलं. आपांकडे उतरलेल्या दोघी मात्र कडक शाकाहारी. आपांनी त्यांच्यासाठी नवी कढई, नवा तवा आणून ठेवला होता, शेजारच्या घरातून वेगळी शेगडी मागवली होती. त्या बायकांनी शेगडी परत पाठवली. ‘‘तुमच्या चुलीवर तुम्हीच करा, फक्त आमच्यासाठी भाजी करा,’’ म्हणाल्या. सकाळी उठून त्यातल्या धाकटीनं आपांच्या दारात तांदळाच्या पिठाचा कोलम काढला. मोमीनपुऱ्यातल्या पोरी शाळेला जाता जाता थांबून पाहत होत्या. तिसऱ्या दिवशी पिठाचा डबा पोरींच्या हातात होता.

कार्यक्रम आम्ही बेताचेच ठेवले होते. एक दिवस अजिंठा. ती लेणी सोमवारी बंद असतात, हे पाहून दिवस ठरवला. एक दिवस जळगावला बहिणाबाई चौधरींच्या वाड्यात. अक्षरओळख नसलेल्या या बाईनं शेतात, जात्यावर काम करता करता ओव्या रचल्या, मुलानं नि नातलगांनी त्या लिहून ठेवल्या आणि त्या गेल्यावर १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांचं पुस्तक निघालं, हे आम्ही सांगितलं. तेव्हा पाहुण्यांनी आम्हाला अव्वैयारबद्दल सांगितलं. प्राचीन तमीळ कवयित्री. तिची छोटी छोटी नीतिवचनं तिकडची मुलं अजूनही शाळेत अक्षरं शिकता शिकता पाठ करतात. संक्रांतीचे दिवस होते, पण आम्ही हळदीकुंकू ठेवलं नाही. पाहुण्यांत तीन जणी विधवा होत्या, आमच्यातही दोघी आहेत. त्याऐवजी सगळ्यांसाठी तिळगूळ ठेवला. आता आम्ही दर वर्षी तेच करतो.

शेवटच्या संध्याकाळी निरोपाचं जेवण. जागा चिठ्ठीनंच ठरली होती, आपांचं घर. आम्ही बावीस सभासद, त्यातल्या एकोणीस आल्या. तिघी आल्या नाहीत. एकीची सून आजारी होती, एकीला उपास होता, एकीनं काही कळवलंच नाही. मी हे मुद्दाम लिहिते आहे. कारण आपल्या पुरवण्यांत बऱ्याचदा ‘आणि मग सगळे भेद गळून पडले’ असं वाचायला मिळतं. तसं घडत नाही. एकोणीस जणी आल्या, हे मात्र घडलं. त्यातल्या अकरा जणी लग्न होऊन गावात आल्यापासून पहिल्यांदाच मोमीनपुऱ्यात कुणाच्या घरी जेवत होत्या. काहींच्या लग्नाला तीस वर्षं झाली होती. आमच्या गावच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालत पंधरा मिनिटं लागतात!

फेब्रुवारी २०१८ मध्ये आम्ही दहा जणी तंजावरला निघालो. कुणाच्या घरी परवानगीची कुरबुर झाली नाही असं समजू नका. ‘‘अनोळखी लोकांच्या घरात राहणार? हॉटेल तरी घ्या,’’ असं दोघींच्या यजमानांनी बजावलं. गंमत म्हणजे त्याच घरांत वर्षभरापूर्वी अनोळखी बायका चार दिवस राहून गेल्या होत्या आणि यजमानांनीच त्यांना स्टेशनवर सोडलं होतं. तेवढं आठवून दिल्यावर विरोध आपोआप मावळला. भुसावळहून नवजीवन एक्स्प्रेसनं चेन्नई, तिथून रात्रीच्या गाडीनं तंजावर. प्रत्येकीचा खर्च साडेसहा हजारांच्या आत बसला, त्यात मोठा वाटा रेल्वेचा. पैसे मंडळाच्या बचतीतून निघाले. ‘‘नवऱ्याकडे हात न पसरता केलेला हा माझा पहिला प्रवास,’’ असं शिवणकामवाल्या वहिनी गाडीतच म्हणाल्या.

तंजावरशी आपलं नातं जुनं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तिथे भोसल्यांचं राज्य उभं केलं आणि ते १८५५ पर्यंत टिकलं. राजराज चोळानं १०१० च्या सुमारास पुरं केलेलं बृहदीश्वराचं प्रचंड देऊळ पाहताना मान दुखते. पण आमच्या बायकांचे पाय खिळले ते तिथल्या भिंतीवरच्या मराठी शिलालेखापाशी. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास तिथे कोरून घेतला आहे. चहूकडे तमीळ पाट्या आणि मध्येच आपली अक्षरं! अडखळत का होईना, चार-दोन शब्द वाचता आले तेव्हा माहेरच्या दारात उभं राहिल्यासारखं वाटलं. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीतले कागद पाहिले. जेवताना पानात डांगर पचडी आली, ती तर आपल्या उडदाच्या डांगराची सख्खी बहीणच.

आणखी एक गोष्ट तिथे कळली, ती मला फार महत्त्वाची वाटते. तंजावरच्या भोसले राजांनी रामेश्वरच्या वाटेवर ठिकठिकाणी छत्रं, म्हणजे धर्मशाळा बांधल्या. त्यांतल्या कित्येकांना राजघराण्याशी संबंधित स्त्रियांची नावं आहेत. ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्र, नीडामंगलमचं यमुनांबाळ छत्र. तिथे वाटसरूंना अन्न मिळे, आजाऱ्याला औषध मिळे, बाळंतिणीची सोय होई. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानल्या गेलेल्यांपर्यंत सगळ्या वाटसरूंना इथे अन्न दिलं जातं, असं सरफोजीराजांनी १८०१ मध्ये ब्रिटिश रेसिडेंटला लिहिलं होतं. पंगती वेगळ्या असतीलही, तो काळच तसा होता. तरी वाटसरूला उपाशी जाऊ द्यायचं नाही, ही रीत एवढ्या जुन्या काळी एका मराठी राज्यात होती आणि तिच्यावर बायकांची नावं होती!

तिकडच्या बायकांनीही आमच्यासारख्या चिठ्ठ्याच टाकल्या होत्या. आमच्या अंगणवाडीच्या ताईंची चिठ्ठी निघाली ती एका जुन्या मराठी ब्राह्मण घराची. घरात ब्याऐंशी वर्षांच्या आजी. आम्हा सगळ्यांच्या पोटात गोळा आला, खोटं कशाला सांगू? बाईंनी ताईंना बाजूला घेऊन विचारलं, ‘‘बदलून घेऊ का?’’ ताई म्हणाल्या, ‘‘बाई, तुम्ही नका बदलू. आजींना बदलायचं असेल तर त्या सांगतील.’’

आजींनी ताईंना समोर बसवलं, डबऱ्यातून कॉफी दिली आणि आपल्या जुन्या वळणाच्या मराठीत नाव विचारलं. मग आडनाव विचारलं. ताईंनी सांगितलं. महाराष्ट्रात ते आडनाव ऐकलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. शाळेत, बँकेत, भाड्याचं घर शोधताना, सगळीकडे ताईंनी ते अनुभवलं आहे. आडनाव सांगितल्यावर समोरच्या चेहऱ्यावर काय उमटतं, ते वाचायची त्यांना सवय आहे. आजींच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. त्यांना त्या आडनावातून काही कळलंच नाही! तिकडे बहुतेक लोक आडनाव लावतच नाहीत, नावापुढे वडिलांच्या नावाचं अक्षर लावतात. जात ओळखायच्या खुणा तिथेही आहेत, आणि त्या आपल्यापेक्षा कमी धारदार नाहीत. पण त्या खुणा खानदेशातून आलेल्या बाईला लागू पडत नव्हत्या. आजींनी पुढचा प्रश्न विचारला तो असा, ‘‘तुमच्यात पुरणात गूळ घालतात की साखर?’’

ताईंनी तिसऱ्या दिवशी त्यांना खापरावरची पुरणपोळी कशी करतात ते दाखवायचं ठरवलं. खापर मिळालं नाही, मग उपडी कढई वापरली. पोळी जराशी फाटली. आजींनी ती मोडून दुधात कुस्करून खाल्ली. परतीच्या गाडीत कोणी काय काय घेतलं ते दाखवणं चाललं होतं. कुणी मान हलवणारी बाहुली, कुणी पितळी डबरा. ताईंनी काहीच घेतलं नव्हतं. त्या खिडकीशी बसून म्हणाल्या, ‘‘चार दिवस मी नुसती पाहुणी होते. दुसरं कोणी नव्हते. असं असतं होय!’’

त्यावर डब्यात कुणी काही बोललं नाही. मला वाटतं, त्या क्षणी आम्हा बाकीच्या नऊ जणींना मंडळाचा खरा उद्योग काय आहे ते समजलं. हजारेक किलोमीटरवर जाऊन आमच्या मैत्रिणीला जे मिळालं, ते तिला आपल्या गावात, पंधरा मिनिटांच्या अंतरावर मिळत नव्हतं. गुरुजींनी १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केलं आणि दोन वर्षांनी आंतरभारती मांडली. मला हे दोन्ही एकाच माणसाचे एकाच कामाचे दोन भाग वाटतात. आधी आपल्या गावातलं दार उघडायचं, मग प्रांताचं.

म्हणून तंजावरहून आल्यावर मंडळानं एक नवं काम सुरू केलं. दर महिन्याची बैठक वाचनालयात न घेता सभासदांच्या घरी, तीही चिठ्ठी टाकून. ज्या घराची चिठ्ठी त्या घरी सगळ्यांनी जायचं आणि तिथला फराळ खायचा. त्या घरातलं एक काहीतरी शिकायचं. भीमनगरात आम्ही ताईंच्या सासूबाईंकडून भीमजयंतीची गाणी ऐकली, आपांकडे शीरखुर्म्याचं प्रमाण लिहून घेतलं, एका लेवा पाटलांच्या घरी कानबाईच्या रोटांची तयारी पाहिली. २०२० मध्ये करोना आला आणि सगळं बंद पडलं. त्या काळात तंजावरहून दर रविवारी फोन यायचे. आजी २०२१ मध्ये गेल्या, तेव्हा त्यांच्या सुनेनं पहिला फोन ताईंना केला. २०२२ पासून बैठका पुन्हा सुरू झाल्या, गेल्या वेळची सहलही झाली.

निरोपाच्या जेवणाला न आलेल्या त्या तिघी अजूनही सभासद आहेत. त्यांतल्या दोघी आता सगळीकडे येतात. तिसऱ्या बैठकीला येतात, सगळ्यांशी छान बोलतात, पण ठरावीक घरांत फक्त पाणी पितात, तेही आपल्या बाटलीतलं. आम्ही त्यांना काही म्हणत नाही. चिठ्ठीत त्यांचंही नाव असतं आणि त्यांच्या घरी ताई आणि आपा दोघीही जातात. जेवतातसुद्धा.

तुमच्या गावात असं मंडळ काढावंसं वाटत असेल तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. एकटीला कुणाच्या घरी ठेवू नका, दोघी-दोघी ठेवा. यजमान घराचा पत्ता आणि फोन नंबर प्रत्येकीच्या घरी आधी पोचू द्या. पाहुण्यांची माहिती निघण्यापूर्वीच लिहून घ्या. गोळ्या कोणत्या चालू आहेत, काय खात नाही, जिने चढवतात का, रात्री घोरतात का! भेटवस्तूंवर मर्यादा घाला, नाहीतर चढाओढ लागते आणि जिची ऐपत कमी ती पुढच्या वेळी हात वर करत नाही. आम्ही दीडशे रुपयांची मर्यादा ठेवली आहे. रोजची धावपळ नको, चार दिवसांतला एक दिवस बिनकामाचा ठेवा. त्या दिवशी पाहुणीनं यजमानणीबरोबर भाजी निवडावी, दळण आणावं, मुलाला शाळेत सोडावं. सगळ्यात जास्त गप्पा त्याच दिवशी होतात. आणि पाहुणीनं एक वेळचा स्वयंपाक करून घालावा, म्हणजे यजमानणीलाही एकदा आयतं ताट मिळतं.

घर लहान आहे, पाहुण्यांना आवडेल का, ही काळजी मात्र करू नका. आमच्याकडे राहून गेलेल्या बायकांनी कुणाच्याही घराच्या आकाराबद्दल कधी विचारलं नाही. चादर स्वच्छ हवी, संडासाला आतून कडी हवी आणि घरातल्या माणसांना बोलायला वेळ हवा.

एक सूचना शेवटी, पण ती सगळ्यात आधी अमलात आणायची. घरांची वाटणी ओळखीनं किंवा सोयीनं करू नका. सगळ्यांची नावं डब्यात टाका आणि एखाद्या लहान मुलीला चिठ्ठ्या काढायला सांगा. येत्या डिसेंबरात ओडिशातल्या बारा जणी आमच्याकडे यायच्या आहेत. सहा घरं हवी आहेत, आणि या वेळी हात वर करणाऱ्या सतरा जणी आहेत. एक चिठ्ठी बाटलीवाल्या बाईंचीही आहे.